विहिरी मोजणारे लालसाब

लालसाब मुजावर कुठल्याही विहिरीत डोकावण्याआधी खाकरायचे. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर ऑफिसच्या जीपमधून गेले तेव्हा मला वाटलं, घसा धरलाय. मी पर्समधून खडीसाखर काढून पुढं केली. त्यांनी ती घेतली, तोंडात टाकली आणि पुन्हा खाकरले. मग म्हणाले, "म्याडम, खाली बाईमाणूस उतरलेली असंल तर? आपण एकदम डोसकं घालायचं न्हाय." खाली कोणी नव्हतं. पाणीसुद्धा नव्हतं. तरी त्यांनी दोन पावलं मागं होऊन थोडा वेळ जाऊ दिला आणि मगच कठड्यावर हात टेकले.

आमचं ऑफिस जमिनीखालच्या पाण्याचं. सोलापुरात असं कोणाला सांगितलं की समोरचा आधी आपल्या नळाची कैफियत मांडतो. नळाचं खातं वेगळं, आमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, हे सांगता सांगता माझी नोकरी संपली. मी तिथली क्लार्क. घरात तेलुगू बोलणारी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर उभं राहून पाय सुजवून घेणाऱ्या बापाची मुलगी. घरातली पहिली सरकारी नोकरी माझी, म्हणून मला तिचा कोण अभिमान. लालसाबना मात्र ऑफिसचं कौतुक नव्हतं. कागदावर त्यांचं पद काहीतरी लांबलचक होतं, त्यांना स्वतःला ते पाठ नव्हतं. कोणी विचारलं तर सांगायचे, "हिरी मोजतो."

आणि खरंच ते तेवढंच करायचे. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा या भागातल्या काही विहिरी आमच्या यादीत होत्या. वर्षातून चार वेळा तिथं जायचं, कठड्यावरच्या लाल रंगाच्या खुणेपासून पाणी किती खाली आहे ते बघायचं आणि लिहून आणायचं. टेपच्या टोकाला खडू घासून ती आत सोडायची. वर ओढली की खडू जिथपर्यंत भिजला तिथपर्यंत पाणी. लालसाब एकदा मोजून कधी थांबायचे नाहीत, दुसऱ्यांदाही सोडायचे. सगळं आयुष्य कठड्यावरून वाकण्यात गेल्यामुळं उंच माणूस पाठीत थोडा कमानला होता. चष्मा विहिरीत पडू नये म्हणून सुतळीनं मानेला बांधलेला. शर्टाच्या उजव्या बाहीला खडू लागलेला. तो धुऊन जायचा नाही की धुतलाच जायचा नाही, देव जाणे.

मोजणं झालं की लालसाब पोहऱ्यानं जरासं पाणी काढून ते चाखायचे. हे त्यांच्या कामात नव्हतं. पण वहीत शेरा लिहायला एक रकाना होता आणि तो रिकामा ठेवणं त्यांना आवडायचं नाही. गोड, मचूळ, खारट, लई खारट असं ते लिहायचे. साहेब लोक हसायचे. मी मात्र तो रकाना न चुकता कॉम्प्युटरवर चढवायचे, कारण आमच्या सगळ्या आकड्यांत माणसाच्या जिभेचं असं तेवढंच होतं.

नई जिंदगी भागात दोन खोल्यांत ते राहायचे. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, सगळ्या शहरासारखंच. घरात निळे ड्रम ओळीनं मांडलेले. एकदा ईदच्या शिरखुर्म्याला गेले तर भाभी माझ्यापुढं कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "ड्रम में बी टेप डालके देखते बोलो इनो! ड्रम क्या हीर हाय क्या?" लालसाब कोपऱ्यात बसून गालात हसत होते. म्हणाले, "म्याडम, पाचव्या दिवसापतूर पुरतंय का बघाय नको?" हॉटेलात चहाला गेलो की पाण्याचा ग्लास भरायला आलेल्या वेटरचा ते हात धरायचे. अर्धाच भर, लागलं तर मागतो. मला सुरुवातीला लाज वाटायची. नंतर मीही अर्धा मागायला लागले, ते अजून मागते.

एकदा ऑफिसनं पाणी बचतीवर मोठा कार्यक्रम घेतला. हॉल, बॅनर, हार, पाहुणे. प्रत्येकाच्या पुढ्यात पाण्याची छोटी बाटली. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, लोक उठले. लालसाब एक बादली घेऊन टेबलाटेबलावरून हिंडले आणि उरलेल्या बाटल्या तिच्यात ओतत गेले. कोणी दोन घोट घेतलेले, कोणी बूच उघडून नुसतं ठेवलेलं. एक बादली भरली, दुसरी अर्धी झाली. त्या दोन बादल्या त्यांनी उचलून दारात ठेवल्या, जिथून सगळे बाहेर पडत होते. मोठ्या साहेबांना बादलीला वळसा घालून जावं लागलं. दुसऱ्या दिवशी लालसाबना समज देणारा कागद मीच टाइप केला आणि त्यांनी तो माझ्याच पेनानं सही करून घेतला.

इथपर्यंतचे लालसाब आठवले की हसू येतं. त्यानंतरचे आठवले की येत नाही.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. रमजान त्या साली ऐन मे महिन्यात आला होता. लालसाब साठीकडं झुकलेले, पण रोजा चुकवायचे नाहीत आणि कामही. सकाळी मोटारसायकल काढायची, डोक्याला ओला पंचा गुंडाळायचा आणि निघायचं. त्या आठवड्यात त्यांनी पाहिलेली एकूण एक विहीर कोरडी होती. रोज परत येऊन ते माझ्या टेबलावर वही ठेवून जायचे. वहीत खालपासून वरपर्यंत एकच शब्द. कोरडी, कोरडी, कोरडी.

मंद्रूपच्या पुढं एक गाव आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही, तिथं माणसं राहतात. त्या गावची सार्वजनिक विहीर आमच्या यादीत होती. मार्चमध्ये तळाला कमरेइतकंच पाणी होतं. मे महिन्यात लालसाब भर दुपारी तिथं पोचले, खाकरले, टेप सोडली, आणि पाणी मार्चपेक्षा दोन हात वर आलेलं होतं. त्यांनी पुन्हा सोडली. पुन्हा तेच. विहिरीवर चिटपाखरू नाही. झाडाखाली एक म्हातारा पडला होता, त्याला त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, सकाळपासून उपसा झालाय का? म्हातारा म्हणाला, "न्हाय साहेब, थेंब काढला न्हाय कुणी."

ते खरंच होतं. गावाला एप्रिलपासून टँकर सुरू झाला होता आणि टँकरचं पाणी त्याच विहिरीत ओतायचे. दुसऱ्या गावांत टँकर आला की बायका तुटून पडतात, तासाभरात विहिरीचा तळ दिसतो. या गावानं शहाणपण केलं होतं. बऱ्याच बायका सकाळी कामावर जातात, मग घरी बसणाऱ्यांनीच सगळं पाणी का न्यावं? म्हणून नियम केला होता की चार वाजेपर्यंत कोणी घागर बुडवायची नाही, चारला सगळ्यांनी मिळून काढायचं. सकाळी दोन टँकर रिकामे झाले होते. मे महिन्याच्या उन्हात भोवतीची ओल कधीच वाळून गेली होती. आमच्या कागदात उपसा झाला का हे विचारायला जागा होती. कोणी विहिरीत पाणी ओतलं का, असा प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता. टँकरची यादी एका ऑफिसात, विहिरींची दुसऱ्या.

एक गोष्ट लालसाबना वाचवू शकली असती. ते पाणी शहराकडून आलेलं, धरणाचं, गोड. त्या विहिरीचं आपलं पाणी मचूळ. एक घोट तोंडात घेतला असता तर तिथल्या तिथं कळलं असतं. पण रोजा होता.

संध्याकाळी ते ऑफिसात आले तेव्हा चेहरा उजळलेला होता. "म्याडम, आज एक हीर हसली बगा," म्हणाले. मी वही उघडली. आकडा होता, शेऱ्याचा रकाना रिकामा. कॉम्प्युटर रिकामा रकाना घेत नव्हता. मी मार्चचं पान उलटलं, तिथं मचूळ लिहिलं होतं, तेच मी मेच्या आकड्यापुढं टाकलं. मला वाटलं, विहिरीची चव काय दोन महिन्यांत बदलणार आहे?

पुढच्या आठवड्यात बैठकीत तो आकडा वाचला गेला. ऐन उन्हाळ्यात पातळी वर, उपसा नाही, शेरा मचूळ, म्हणजे पाणी विहिरीचंच. टँकर तिथून काढून दुसऱ्या गावाला दिला. गावकऱ्यांनी अर्ज केले, तालुक्याला खेपा घातल्या. टँकर पुन्हा सुरू व्हायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत बायका शिवारातल्या जुन्या, पडक्या विहिरीत उतरून झऱ्याचं पाणी वाटीनं घागरीत भरायच्या. नवव्या दिवशी महादेवी नावाची बाई उतरताना दगड निसटून खाली गेली. जीव वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं ते नीट बसलंच नाही.

आम्हाला हे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरून कळलं. गावाचं नाव वाचून लालसाब माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "म्याडम, त्या हिरीचा शेरा दावा." मी स्क्रीन वळवली. मचूळ. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं.

"ह्ये मी लिवलेलं न्हाय."

"नाही. मी लिहिलं."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तुमाला काय ठाव? तुमी कुटं चाखलंय?" मी म्हटलं, रोजा होता ना तुमचा, तुम्ही तरी कसं चाखणार. तर म्हणाले, "रोज्याला दोष न्हाय. जीभ बंद होती, तोंड उघडं होतं की. इचारायचं होतं."

ऑफिसच्या लेखी प्रकरण संपलं होतं. टँकर परत सुरू झाला, शेरा दुरुस्त झाला, कोणाचं नाव कुठं आलं नाही. लालसाब मात्र रविवारी त्या गावात गेले. मला बरोबर नेलं नाही, पण नंतर त्यांच्याच तोंडून एकेक कळत गेलं. देवळापुढच्या कट्ट्यावर माणसं बसली होती. लालसाबनी उभं राहून सांगितलं, "ती मोजणी माझी, टँकर माझ्यामुळं गेला." चार शिव्या बसतील, कॉलर धरतील, अशा तयारीनं ते गेले होते. कोणी उठलं नाही. एका म्हाताऱ्यानं तांब्या पुढं केला, उन्हातनं आलाय, पाणी प्या म्हणून. रोजे संपले होते, तरी तो तांब्या हातात धरून लालसाब उभे राहिले आणि त्यांना ते प्यायला जमेना.

महादेवीच्या घरी मात्र त्यांना हवं ते मिळालं. ती बाजेवर पडलेली. चाळिशीची बाई, घरात कन्नड बोलणारी, जीभ धारदार. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "टेप तुमचा, पाय माझा. आता काय करताव? माझं पाणी भरताव?"

"भरतो," लालसाब म्हणाले.

तिनं ते रागानं म्हटलं होतं. पण पुढच्या रविवारी हा माणूस खरंच दारात हजर. विहिरीवरच्या रांगेत बायकांमध्ये उभा राहिला, दोन घागरी खांद्यावरून आणल्या, तिच्या रांजणात ओतल्या. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्याच्या पुढच्या रविवारीही आला. पावसाळा लागला, तरी येत राहिला. पाणी भरायला अर्धा तास लागायचा आणि बाकीच्या दिवसाचं काय करायचं, असा प्रश्न. म्हणून लालसाब गावाभोवती हिंडायला लागले. तिथून पुढचं सगळं सुरू झालं.

गावाच्या वरच्या अंगाला एक ओढा होता, त्यावर सिमेंटचा जुना बंधारा. पाणी अडवायच्या लोखंडी प्लेटा कोणी तरी कधीच पळवलेल्या, आत गाळ माणसाच्या छातीएवढा. पाऊस पडायचा, ओढ्यातून सीना नदीकडं निघून जायचा आणि गाव त्याच्याकडं बघत बसायचं. लालसाबनी पहिल्या वर्षी नुसता गाळ काढायला माणसं जमवली. पहिल्या रविवारी आले चौघं. त्यातला एक महादेवीचा मुलगा, शिवानंद. नंतर चाळीस आले. गाळ शेतात गेला, बंधाऱ्याला नव्या प्लेटा बसल्या. शाळेच्या आणि देवळाच्या पत्र्यावरचं पाणी पाइपानं खड्ड्यात, खड्ड्यातून बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडलं. नवी बोअर कोणी पाडायची नाही आणि ऊस लावायचा नाही, असं ठरलं. लालसाबचं म्हणणं साधं होतं. किती पाऊस पडला हे मला सांगू नका, त्यातला किती गावात राहिला ते सांगा. हे ते इतक्यांदा म्हणायचे की गावातली पोरं त्यांना बघून आधीच म्हणून दाखवायची.

त्याच सुमारास परदेशातून एक संशोधक बाई आमच्या ऑफिसात आली. जमिनीखालचं पाणी आता उपग्रहावरून कळतं म्हणे, आणि तो अंदाज प्रत्यक्ष विहिरींशी ताडून बघायला ती आली होती. साहेबांनी तिला लालसाबबरोबर दिलं आणि दुभाषी म्हणून मला. दिवसभर विहिरी पाहून झाल्यावर एका चिंचेखाली बसून ती आपल्या लॅपटॉपवर जगाचा नकाशा दाखवत होती. लाल डाग म्हणजे जिथं जमिनीतलं पाणी भरण्यापेक्षा उपसलं जास्त जातंय. ती एकेका डागावर बोट ठेवून देश सांगत होती, मी मराठीत सांगत होते. लालसाब चष्मा नाकावर ओढून बघत होते.

"म्हंजे समदीकडं मंद्रूपच हाय की," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "म्याडम, ह्यांला इचारा, हिरीत टँकर वतला तर वरनं कळतंय काय?"

मी विचारलं. ती म्हणाली, नाही, एवढं बारीक नाही कळत. मी सांगितल्यावर लालसाबनी मान हलवली, टेप गुंडाळली आणि उठून गाडीकडं चालू लागले. त्या बाईला वाटलं, आपलं काही चुकलं. मी तिला काय सांगणार?

दोन पावसाळे बरे गेले. लालसाब निवृत्त झाले, टेप मात्र त्यांनी ऑफिसकडून मागून घेतली. निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मे महिन्यात मला त्यांचा फोन आला. "म्याडम, येताव का? आज मोजायचंय." मी रजा टाकून गेले. टेप वर आली. पाणी तळापासून दीड पुरुष होतं, माणूस बुडेल इतकं. त्यांनी पोहरा सोडला, ओंजळीत घेतलं, तोंडात फिरवलं. मला म्हणाले, "चाखा." मी चाखलं. मचूळ होतं, जिभेला चिकटणारं. तोंड वाकडं होऊ नये म्हणून मी प्रयत्न केला आणि त्यांच्याकडं बघितलं, तर त्यांचे डोळे भरले होते. मलाही रडू आलं. महादेवी कुबडीवर उभी होती, म्हणाली, "खारट पाण्यापायी रडायलेत बगा शहाणे लोक!"

त्याच दिवशी ग्रामसभा झाली. लालसाबना फेटा बांधला, खांद्यावर टॉवेल टाकला, नारळ दिला. सरपंचांनी आग्रह केला, आकडा तुमच्या तोंडून सांगा. लालसाबनी सांगितला. खणखणीत, जन्मभर लिहीत आले तसा, बोटभर कमी नाही की जास्त नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

महिन्याभरात बोअरच्या गाड्या आल्या. ठरलेलं होतं, नवी बोअर नाही, पण ते ठरलं होतं पाणी नसताना. पहिली बोअर ओढ्याच्या काठाला पडली, शिवानंदच्या रानात. लालसाब रविवारी गेले तेव्हा मशिनचा धुरळा आकाशात चढला होता. ते बांधावर उभे राहिले. शिवानंद स्वतः पुढं आला, नमस्कार केला. वाईट पोरगा नव्हता तो. बंधाऱ्यातल्या गाळाच्या पहिल्या पाट्या त्यानंच उचललेल्या.

"शिवा, काय ठरलं होतं आपलं?"

"चाचा, तुमीच सांगिटलं की, पाणी वर आलंय म्हणून. ऊस लावतोय औंदा. आईला पुण्याला न्यायचंय, खुब्याचं ऑपरेशन करायचंय."

हे सगळं त्यांनी नंतर मला सांगितलं. म्हणाले, "म्याडम, पयल्यांदा खोटा आकडा सांगून मी तिचा पाय मोडला. आता खरा सांगून हीर मारली. मग मी सांगू तरी काय लोकास्नी?"

शिवानंदची बोअर लागली म्हटल्यावर शेजाऱ्याची पडली, मग त्याच्या भावकीची. कोणाचं पाणी दोनशे फुटांवर, कोणाचं त्याच्याही खाली. हिवाळ्यात ऊस डोक्याएवढा झाला आणि मार्चला सार्वजनिक विहीर कोरडी. पुढचा पाऊसही दगा देऊन गेला. बोअर एकेक करून फुफाटा ओकायला लागल्या, ऊस जागेवर वाळला, महादेवीचं ऑपरेशन राहून गेलं. कोरड्या विहिरीत लोक कचरा टाकायला लागले, म्हणून पंचायतीनं वर पत्रा ठोकला आणि त्याला एक छोटं दार ठेवून कुलूप लावलं. किल्ली मागायला एकच माणूस आला. लालसाब.

ते जात राहिले. भाभी वैतागायच्या, मुलगी चिडायची, आता कसल्या विहिरी, वय काय तुमचं? लालसाबना आता मोटारसायकल झेपत नव्हती, ते एसटीनं मंद्रूपपर्यंत जायचे आणि पुढं मिळेल त्या वाहनानं. बंधाऱ्यात पुन्हा गाळ साठत होता. त्यांच्याबरोबर फावडं धरायला आता दोन-तीन म्हातारेच उरले होते. शिवानंद चिंचोळीच्या कारखान्यात लागला होता. तो रविवारी यायचा आणि मान खाली घालून गाळ ओढायचा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात. मीही निवृत्त झाले होते, म्हटलं एकदा त्यांच्याबरोबर जाऊन यावं. सकाळचे दहा वाजले होते. गावात टँकर आला होता. आता पाणी विहिरीत न ओतता चौकातल्या टाकीत सोडतात आणि टाकीपुढं घागरींची लांबलचक रांग लागते. आम्ही विहिरीवर गेलो. महादेवी तिथंच पत्र्याच्या सावलीत कुबडी आणि घागर घेऊन बसली होती, रांगेत उभं राहण्याआधी दम खात. लालसाबनी कुलूप काढलं, खाकरले, खडू घासला, टेप सोडली. टेप ओढत आणली आणि टोक वर आलं तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. खडू ओला होता. हातभर, स्वच्छ, काळपट ओला.

त्यांनी माझ्या दंडाला धरून मला गप्प केलं. रस्त्यावरून दोघं जण मोटारसायकलवर चालले होते. गाडी हळू करून एकानं हाक दिली, "चाचा, हाय काय कायतरी?"

लालसाबनी टेपचं टोक मुठीत झाकलं. जन्मात एका विहिरीचा आकडा इकडचा तिकडं न केलेला माणूस. शांतपणे म्हणाले, "न्हाय रे. कोरडीच हाय."

गाडी निघून गेली. ते माझी नजर चुकवून म्हणाले, "एवढ्यानं गावाचा एक दीस भागत न्हाय म्याडम. पण ऐकलं की चार मशिनी येतील. दोन पावसाळे झाकून ठेवायचं. मी असलो तर."

महादेवीनं सगळं पाहिलं होतं. ओली मूठ तिच्या समोरच होती. लालसाब तिच्याजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "एक घागर काढू काय तुमच्यापुरती? कुणाला कळणार न्हाय. रांगेत उभं ऱ्हायला नको."

तिनं पत्र्याच्या दारातून आतल्या अंधाराकडं एकदा बघितलं. मग कुबडी टेकून उठली.

"नगं," म्हणाली. "एक निघाली की दुसरी निघती. लावा कुलूप."

आणि रिकामी घागर काखेत घेऊन, मोडका पाय ओढत ती टाकीच्या रांगेकडं चालू लागली. रांग लांब होती, ऊन चढलं होतं. लालसाब कुलूप लावून वळेपर्यंत ती शेवटच्या बाईच्या मागं जाऊन उभी राहिली होती.